नऊ ग्रहांच्या ओव्या आणि माझा उजवा कान

सारंगखेडा
१५ जून २०२५

चि. योगेंद्र यास,

अनेक आशीर्वाद वगैरे. पाकिटावरचं अक्षर बघून तुझं तोंड आंबट झालं असेल, ते इथूनच दिसतंय मला. फाडायचं असेल तर फाड, पण वाचून फाड. आप्पा म्हणायचे, भांडण अहिराणीत करा आणि पत्र मराठीत लिहा, म्हणजे दोन्ही नीट होतात. भांडण तर आपलं सहा वर्षं अगदी नीट झालंय. आता पत्र.

फोन का नाही केला म्हणशील. एक तर तू माझा नंबर बंद करून ठेवलायस. आणि समजा उचललासच, तरी मला ऐकू येणार नाही. डावा कान दिवाळीतच गेला. आता उजवा निघालाय. धुळ्याचे डॉक्टर भले माणूस, त्यांनी मला कागदावर लिहून दिलं की नस सुकत चालली आहे, पावसाळाभर टिकला तर नशीब समजा. मशीन लावून पाहिलं. मिरची कांडायच्या गिरणीत डोकं घातल्यासारखं वाटतं, काढून ठेवलं.

आता कामाचं. आप्पांच्या दोन कॅसेट तुझ्याकडे आहेत. घर सोडून गेलास तेव्हा कपड्यांआधी त्या उचलल्या होत्यास. मला त्या हव्यात. कायमच्या नकोत, आठवडाभर दे. बडोद्याहून कुरिअर दोन दिवसांत येतं.

सहा वर्षांत माणूस काय काय विसरतो, म्हणून आठवण करून देते. शाळेतल्या नववीच्या पोरांच्या डोक्यात विज्ञान शिरेना, तेव्हा आप्पांनी कानबाई देवीच्या गाण्यांच्या चालीवर नऊ ग्रहांच्या ओव्या बांधल्या. अहिराणीत. बेबीकाकूने विचारलं होतं, "भाईदासभाऊ, यामां राहू-केतू कोठे शेत?" आणि आप्पा म्हणाले, "त्या दोन्ही गावले गयात." ओवी आप्पांनी उचलायची, तू मागून साथ द्यायचीस, मायने शेवटच्या शब्दाला झील धरायची, आणि मी टेपचं बटण दाबून गप्प बसायचं, कारण माझा आवाज फाटका.

शनीना गयामां सात कड्यास्ना हार वं माय,
कोन्ता सोनारनी घडा, पुसस मन्ही माय.

शब्द आहेत माझ्याकडे. नुसत्या शब्दांचं काय लोणचं घालू? प्रत्येक ओवीत एका जागी आप्पा चाल मोडायचे, ती जागा कागदावर उतरत नाही. माझ्या कानात दिवसभर कुकरची शिट्टी चालू असते आणि तिच्यात एकेक चाल विरघळत चालली आहे. बुध गेला. नेपच्यून गेला. कान मिटायच्या आधी शेवटचं आत काय जावं हे थोडं तरी माझ्या हातात असेल, तर मला आप्पांचा आवाज हवाय. कोपऱ्यावरच्या डीजेचा नको.

पाठवशील ना?

तुझी ताई,
रंजिता


२९ जून २०२५

योगू,

दोन आठवडे झाले. दगडाला पाझर फुटला असता.

आज वाचनालयात आपलं कपाट उघडून बसले. अवकाशाची पुस्तकं खालच्या कप्प्यात तशीच आहेत, तुझ्यामागे कोणी हात लावला नाही. ते रशियाहून छापून आलेलं मोठ्या चित्रांचं, त्याला अजून डिंकाचा वास येतो. आणि ते निळ्या पुठ्ठ्याचं, ज्याची शेवटची पानं उंदरांनी खाल्ली म्हणून तू दरवेळी नवा शेवट सांगायचास. एकदा तुझा अंतराळवीर गुरूवर मेला. एकदा तो घरी आला, पाय धुतले आणि शेवभाजी खाल्ली. मला शेवभाजीचा शेवट आवडायचा. तुला मेलेलाच आवडायचा, पहिल्यापासून कजाग तू.

त्यात ते पान आहे बघ, यानाबाहेरचा माणूस पत्र्यावर हातोडा मारतो आणि काहीच आवाज होत नाही. किती मजा वाटायची तेव्हा. आज वाचता वाचता पुस्तक मिटून ठेवलं. आवडतं पुस्तक माणसाला असं चावेल हे कोणी सांगितलं होतं?

मायला विचारून पाहिलं. तिला झील तेवढी येते. "वर तुन्हा बापनं काम व्हतं," म्हणाली, आणि कानबाईचं काहीबाही गुणगुणली. आप्पा गेल्यापासून तिने ओव्या काढल्याच नाहीत. तुझ्या आवाजातली मंगळाची ओवी ऐकायचीय, असं मात्र तिने माझ्या कानाशी ओरडून सांगितलं. ओरडून सांगावं लागतं आता.

मंगय राजा लालेलाल, मिरचीनी पथारी,
भाऊ तठे गया मन्हा, वाट दखू दारी.

तू असा खरोखरच मंगळावर जाऊन बसशील हे आप्पांना काय ठाऊक! नंदुरबारच्या बाहेर वाळत घातलेली मिरची बघून त्यांनी ही ओवी बांधली होती, तुला चिडवायला.

प्लुटोचं आठवतं? शास्त्रज्ञांनी त्याला ग्रहांतून काढलं, तेव्हा हेडसर म्हणाले, ओवी गाळा. आप्पा म्हणाले, "त्यास्नी घरमाईन काढा, म्हणून मी गानामाईन काढू का?" तुझ्या बाबतीत मात्र याच माणसाच्या तोंडातून शब्द फुटला नाही, हेच तुला टोचतंय. कळतं मला. मी काय वेडी आहे?

पण कॅसेटने तुझं काय घोडं मारलंय? पाठव रे. हात जोडते.

रंजिता


१३ जुलै २०२५

योगू,

तू नाही, पण तुझ्या बायकोने, नमिराने लिहिलं. चार ओळी हिंदीत, चार मराठीत, अक्षर मोत्यासारखं. तुझ्यापेक्षा ती बरी, हे तिला माझ्यातर्फे सांग.

तिने लिहिलं की गेल्या वर्षी बडोद्याला पूर आला तेव्हा तुमच्या तळमजल्यात पाणी शिरलं आणि कॅसेटचा डबा तीन दिवस पाण्यात होता. तू फिती सोडवून कपडे वाळत घालायच्या दोरीवर टाकल्यास, पुसल्यास, परत गुंडाळल्यास, आणि टेपमध्ये घातल्यावर फक्त खरखर आली. त्या दिवशी तू जेवला नाहीस, असंही लिहिलंय. म्हणून तू मला उत्तर देत नव्हतास का? शरमेने? अरे मेल्या, मला वाटत होतं रागाने!

दिवसभर रडले. वाचनालय बंद ठेवलं. मायला सांगितलेलं नाही.

तिने एक ओळ शेवटी लिहिली आहे, तीच मी सारखी वाचतेय: "ये रोज नहाते वक़्त वो गाने गाते हैं, पूरे नौ."

पूरे नौ! म्हणजे तुला येतात. आप्पा जिथे चाल मोडायचे त्या जागांसकट येतात, कारण मागून तूच साथ द्यायचास. म्हणजे आता या जगात त्या ओव्या फक्त तुझ्या घशात आहेत, आणि तू त्या बादलीला ऐकवतोस.

ये ना रे. कॅसेट नको आता, तूच ये. अजून माझ्या कानाशी कोणी तोंड नेऊन मोठ्याने गायलं तर मला सूर कळतो. परवा शेजारच्या तापीबाईने कानात भजन म्हटलं, मला नीट कळलं की ती बेसूर आहे. इतकं अजून शिल्लक आहे. उद्याचं सांगत नाही.

एका दुपारचं काम आहे. बडोद्याहून सकाळी निघालास तर जेवायला पोचशील. नमिराला घेऊन ये. नानाकाकाशी बोलू नकोस, कोणाशी बोलू नकोस, ओट्यावर बस, गा आणि जा.

रंजिता


२६ जुलै २०२५

योगेंद्र,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. सहा वर्षांनी लिहिलंस आणि एकच ओळ: "जिथे माझी मूठ नाही, तिथे माझं काय काम?"

वा! छान!

बरं, मुठीचं बोलू. तू नमिराशी लग्न केलंस त्या वर्षी श्रावणात उमाकांतनानाकडे कानबाईची तयारी चालली होती. घराण्यातल्या एकेका पुरुषाचं नाव घेऊन सव्वा मूठ गहू सुपात पडत होते. तुझं नाव आलं आणि नाना म्हणाला, "योगेंद्रनी मूठ ऱ्हाऊ द्या." सगळ्या भाऊबंदांसमोर. आप्पा खाली मान घालून गहू निवडत राहिले. तू दारात उभा होतास. आणि तू निघून गेलास.

तू निघून गेल्यावर काय झालं ते तुला माहीत नाही, कारण तू ऐकायला थांबला नाहीस. मी नानाला भर बायकांत इतकं बोलले की बेबीकाकू दोन वर्षं माझ्याशी बोलत नव्हती. आप्पांनी त्या वर्षी त्या गव्हाचा रोट तोंडात घातला नाही. पुढच्या वर्षी ते गेले. तू अग्नी द्यायला आलास आणि संध्याकाळच्या गाडीने परत फिरलास. मला तेव्हा दोन्ही कान होते, तू एक शब्द बोलला असतास तर ऐकला असता मी.

तुझा अपमान झाला, खरं आहे. मी नाही म्हणत नाही. पण मी इथे रोज थोडी थोडी बंद पडतेय रे! काल दूध उतू गेलं, कळलं नाही. एसटी मागून हॉर्न देत होती, दलसिंग कंडक्टरने खाली उतरून हाताला धरून मला बाजूला केलं. घरी येऊन मोठ्याने ओवी म्हणून पाहिली. माझाच आवाज मला भिंतीपलीकडून कोणी बोलावं तसा आला, आणि चाल कुठल्या कुठे गेली. शुक्र म्हणायला गेले आणि अंगाई झाली. मी घाबरलेय. लिहून टाकते, मी फार घाबरलेय. लहानपणी अंधारात तुझा हात धरायचे, आठवतं? मोठी असून.

मूठ हवी ना तुला? बघते मी.

रंजिता


३ ऑगस्ट २०२५
रविवार, कानबाई

योगू,

घाईत लिहितेय, हात पिठाचे आहेत.

काल नानाकडे गहू मोजायला बसले. बिनलग्नाची म्हणून मला नेहमी सूप धरायचं काम. एकेक नाव झालं, माझं लक्ष सगळ्यांच्या ओठांवर. बेबीकाकू उठून आत गेली तशी मी "योगेंद्र भाईदास" म्हणून सव्वा मूठ टाकली. मोठ्याने म्हटलं की हळू, मला काय कळणार? बहुतेक मोठ्यानेच असेल, कारण सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. गहू गिरणीवर गेले, दळून आले, आणि मग कोणीतरी नानाच्या कानावर घातलं.

नाना इतका ओरडला की मलासुद्धा ऐकू आलं. "कोनी टाकी हाई मूठ?"

"मी टाकी."

"काढ ती!"

"काढ ना नाना, तूच काढ. दयेल शे आते. कोन्ती कनीकमा योगेंद्र शे, ते दखाड माले."

नाना पिठाच्या डब्याकडे बघत राहिला. आता हे पीठ टाकायचं तर देवीचं पीठ टाकायचं, आणि देवीचं पीठ टाकायची छाती कोणाची? माय इतका वेळ भिंतीला टेकून बसली होती. ती उठली, कंबरेला पदर खोचला आणि लेकाच्या रोटासाठी परातीपुढे बसली. "मन्हा आंडोरना रोट मी करसू." नाना चपला घालून बाहेर गेला. दुपारी परत आला आणि मुकाट्याने जेवला. भूक कोणाला चुकलीये?

तर तुझा रोट झालाय. फडक्यात गुंडाळून माझ्याकडे ठेवलाय. तुला रीत माहीत आहे, पौर्णिमेच्या आत संपवावा लागतो आणि घराण्याबाहेर कोणाला देता येत नाही. तुझ्या मुठीचा म्हणून मी खाऊ शकत नाही, माय खाणार नाही, फेकता येत नाही. शनिवारी पौर्णिमा. आता तू आला नाहीस तर देवीचा दोष तुझ्या डोक्यावर, मी हात झटकले.

बाहेर बायका कानबाईची गाणी म्हणतायत. टाळ्या दिसतात. आवाज लांबून, तापीच्या पलीकडच्या काठावरून आल्यासारखा. पण येतोय. अजून येतोय, योगू.

रंजिता


६ ऑगस्ट २०२५

योगू,

तुझी तार मिळाल्यासारखा आनंद झाला. नमिराने मायच्या फोनवर लिहून पाठवलं की शनिवारी येताय.

कानाचं विचारलंस. बरा आहे. तू फक्त ये.

रंजिता


१८ ऑगस्ट २०२५

प्रिय योगू,

तुझं पत्र आलं. चार पानी! मायला वाचून दाखवलं, ती दोनदा वाच म्हणाली.

तू लिहिलंयस, "ताई, मी वेळेवर पोचलो, आता मला कशाचं काही वाटत नाही." ते वाचल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. तीन कागद लिहून फाडले. आधी ठरवलं होतं की हे पोटात ठेवायचं आणि तसंच वर न्यायचं. नाही जमत.

तू वेळेवर पोचला नाहीस.

पाच तारखेला, मंगळवारी सकाळी उठले आणि शिट्टी बंद होती. मला वाटलं, बरं वाटतंय. मग मायने भांडं आपटलेलं दिसलं. भांडं दिसलं, एवढंच. टाळ्या वाजवून पाहिल्या, दार आपटून पाहिलं, परसात जाऊन किंचाळले, शेजारची तापीबाई धावत आली. काही नाही. मशीन लावलं, त्यातली गिरणीसुद्धा गेली होती. दुसऱ्या दिवशी तुला "कान बरा आहे" लिहिलं ते शुद्ध खोटं. बहिरी झाले असं लिहिलं असतं तर तू म्हणाला असतास, आता जाऊन काय करू? म्हणाला असतास की नाही, खरं सांग.

शनिवारी तुम्ही आलात. तू माझ्या उजव्या बाजूला बसलास, कानाशी तोंड आणलंस आणि गायलास. तुझा श्वास लागत होता कानाला, गरम, रोटातल्या वेलचीचा वास येत होता. मी ओठ बघू शकत नव्हते, तू बाजूला होतास ना. म्हणून समोर मायचे ओठ बघत बसले, झील आली की समजायचं एक ओवी झाली. मायने झील धरली रे. आप्पांनंतर पहिल्यांदा. तेवढं तुझं देणं मी कधी विसरायची नाही.

मी मान डोलावली. डोळे मिटून डोलावली, पाणीही आलं, ते खरं होतं. तू मला ऐकू येतंय असं समजून रडायला लागलास. नाना कुंपणापाशी येऊन उभा होता, तोही डोळे पुसत होता. इतक्या माणसांना रडवून मी कोणत्या तोंडाने सांगणार होते? फक्त नमिराला कळलं. एक ओवी संपली तरी माझी मान चालूच होती, तेव्हा तिने हळूच माझ्या हातावर हात ठेवला. निघताना गाडीत बसण्याआधी तिने माझ्याकडे बघून सावकाश ओठ हलवले, "बता दूँ?" मी नको म्हटलं. तिने शब्द पाळलेला दिसतो. तिच्यावर रागावू नकोस.

रागवायचं तर मी रागावणार आहे. मला राग आलाय तुझा. भयंकर आलाय. जूनमध्ये लिहिलं होतं मी. जुलैत ये म्हणून विनवलं होतं. सव्वा मूठ गव्हासाठी तू माझा कान घालवलास, आणि ती मूठसुद्धा शेवटी मलाच टाकावी लागली. हे लिहून झालं की कदाचित राग जाईल. अजून गेलेला नाही.

आणि तरी तू आलास ते मला हवंच होतं, हेही लिहिते. कुठलं खरं ते तूच बघ.

आता माझं एक काम कर. मोबाइलमध्ये गाणं भरून पाठवू नकोस, त्याचा मला काय उपयोग? तू लिही. चाल कशी होती ते शब्दांत लिही. कुठे आवाज वर चढवलास, कुठे खाली आणलास, कुठे श्वास घेतलास. आप्पा चाल मोडायचे ती जागा तू धरलीस की तुझी तू नवी केलीस, ते लिही. येडेपणा आहे, ठाऊक आहे मला. तरी लिही. एकेक ग्रह घे, घाई नाही.

शुक्रापासून सुरू कर. शुक्राच्या ओवीत तू मध्येच थांबलास, मायने तोंडाला पदर लावला आणि सगळे खो खो हसायला लागले. नानासुद्धा. नमिरा तर वाकून वाकून हसत होती. सगळे हसले म्हणून मीही हसले, बराच वेळ हसले. आपण कशाला हसलो होतो, योगू?

तुझी,
ताई